किल्ल्यावरून दाखवलेला हात

भंडाऱ्याच्या संग्रहालयात मी लोकांच्या डोळ्यांवर व्हीआरचा चष्मा चढवून देतो. तो लावला की माणूस बसल्या जागी आंबागडच्या किल्ल्यावर पोचतो. सगळे बुरूज बघतात.

कुबड्या घेऊन आलेल्या एका काकांनी मात्र किल्ल्याकडे पाठच फिरवली. फिरत्या खुर्चीत वळून ते खाली, पायथ्याच्या गावाकडे बघत राहिले. मग त्यांनी हळूच हात वर करून हलवला.

चष्मा काढताना मी विचारलं, "कोणाला हात दाखवला, काका?"

"मलेच," ते म्हणाले. "मी आंबागडचाच. लहानपनी सारे पोट्टे वर चढून मले हात दाखवत. मी खालीच बसून राहत होतो."

ते गेल्यावर मी चष्मा लावला. पायथ्याशी कोणीच नव्हतं. तरी माझा हात वर गेला.