ठिपक्यांचा कागद आणि माझा गळा

लग्नांत, साखरपुड्यांत, शाळांच्या संमेलनांत माईकवर बोलणारा मी माणूस. माझं तोंड बंद करणं अमरावतीत आजवर कोणाला जमलं नव्हतं. ते स्वरतंतूवरच्या एका गाठीनं करून दाखवलं! ऑपरेशन करून गाठ काढली. डॉक्टर म्हणाले, आता बोला. पण मी बोलेना. तोंड उघडलं आणि आवाजच आला नाही तर? या भीतीपायी घरात चहासुद्धा पाटीवर लिहून मागायचो.

मोठी बहीण अकोल्याची. तिनं मला तिथल्या आवाज-हालचालीच्या एका कार्यशाळेत अक्षरशः ढकललं. शिकवणाऱ्या बाईंनी भिंतीवर मोठा कागद लावला. एक जाड रेघ, पुढे बारीक होत गेलेली, मग काळ्या ठिपक्यांचा थवा.

"ही स्वरलिपीच आहे," त्या म्हणाल्या, "पण यात सा रे ग म नाही. जे दिसेल ते अंगानं करा, आवाजानं करा. आधी डोळे मिटून शरीराकडे लक्ष द्या."

दिलं. ऐकू काय आलं? छातीतली धडधड, कापसाच्या जिनिंगच्या मशीनसारखी. कोणी रेघ होऊन जमिनीवर लोळत होतं, कोणी टाळ्यांनी ठिपके वाजवत होतं, आणि पाळी माझ्याकडे सरकत होती.

"कावून थरथरून राहिला रे?" बहीण कानाशी पुटपुटली. "कोणी खाते का तुले?"

मी उठलो. रेघेसाठी हात लांब केला, तोंड मिटलेलंच. मग ठिपक्यांकडे पाहिलं आणि घात झाला! ज्वारीवर उतरलेली पाखरंच ती. तेल्हाऱ्याच्या वावरात, राखणीच्या माळ्यावर उभं राहून आम्ही भावंडं ती हाकलायचो. माझा हात डोक्यावर गोफण फिरवू लागला, पुढची मंडळी घाबरून खाली वाकली, आणि गळ्यातून निघालं, "हाऽऽहोऽऽ!"

फाटका आवाज, निम्मा वाराच. माझा नव्हताच तो! मी घाबरून दोन्ही हातांनी गळा धरला.

"अजून बसून हायेत न कणसावर!" बहीण मागून ओरडली. "हाकल न!"

पुन्हा हाकललं. पुन्हा फाटकाच.

संध्याकाळी परतीच्या बसमध्ये कंडक्टर समोर येऊन उभा राहिला. "कुठलं?" बहीण अकोल्यातच राहिलेली.

"अमरावती," मी म्हणालो.

"जोऱ्यानं बोला न काका, काई ऐकू नाई आलं."

मी घाम पुसला आणि पुन्हा तोंड उघडलं.