यंदा नवरंग आला नाही

चालत्या स्कूटीवरून काकू अचानक डावा हात वर करायच्या आणि म्हणायच्या, "थांब. आयक." स्कूटी त्याच चालवत असत, मी नुसती मागे बसलेली. तेव्हा मी थांबायचं म्हणजे नक्की काय करायचं, हे मला कधी कळलं नाही. पण तो हात वर गेला की मी निदान श्वास तरी रोखून धरायची. काकू गाडी बंद करायच्या, मान उजवीकडे कलती करायच्या आणि विचारायच्या, "सांग, कोन बोलून राह्यलं?"

"तुम्हीच सांगा ना काकू."

"मले मालूम हाय. तुले येते का, ते पाहून राह्यली."

शिक्षक नसूनही येता-जाता लोकांची परीक्षा घेणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. मी काकूंना त्यांच्यातच धरलं होतं.

बीएस्सीला प्रवेश मिळाला तेव्हा मी आष्टीहून वर्ध्याला आले आणि काकूंच्या मागच्या खोलीत भाड्याने राहू लागले. काकू टेलिफोन खात्यातून ऑपरेटर म्हणून निवृत्त झाल्या होत्या. लग्न केलेलं नव्हतं. नागपूरला एक भाची, एवढंच जवळचं माणूस. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी कानाला हेडफोन लावून लोकांचे ट्रंक कॉल जोडून दिले होते. नुसत्या "हॅलो"वरून माणूस ओळखायच्या, असं गल्लीतले जुने लोक सांगत. एका कापूस व्यापाऱ्याला त्यांनी म्हणे एकदा परस्पर सांगितलं होतं, "भाऊ, तुमचा आवाज बसला हाय, आधी दवाखान्यात जा, मंग बोला."

घरात मात्र त्या फोन उचलायच्या नाहीत. वाजून वाजून थांबायचा. कधी विचारलंच तर म्हणायच्या, "जिंदगीभर दुसऱ्याचे फोन लावून देल्ले. आता मी नाई उचलत." मला त्या उत्तराचं कौतुक वाटायचं.

वर्ध्यात माझं कोणी नव्हतं. कॉलेजमध्ये मुलींचे घोळके आधीच झालेले होते. अकरावी-बारावीपासून एकत्र असलेल्या, एकमेकींच्या घरी जाणाऱ्या. मी डबा घेऊन लायब्ररीच्या मागच्या पायरीवर बसायची. घरून बाबांचा फोन आला की "मजेत आहे" म्हणायची. बाबा शाळेत शिक्षक. मुलं कधी खोटं बोलतात ते त्यांना बरोबर कळतं, पण त्यांनीही जास्त विचारलं नाही.

एका रविवारी उजाडायच्या आत दार वाजलं. काकू दारात उभ्या. पंजाबी ड्रेस, पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात दुर्बीण. तिची एक काच धुरकट होती.

"येतं का? टेकडीवर चालली."

मी हो म्हटलं. दुसरं करण्यासारखं काहीच नव्हतं.

तेव्हा भाद्रपद चालू होता. टेकडीवर गवत कमरेएवढं वाढलेलं, सलवार गुडघ्यापर्यंत ओली. एका दगडावर बसून काकूंनी ज्वारीची भाकरी आणि ठेचा काढला आणि माझी पहिली परीक्षा घेतली. मला सगळे आवाज एकच वाटत होते. "चिवचिव करतंय काहीतरी," मी म्हटलं. काकूंनी कपाळाला हात लावला. "चिवचिव तं सारेच करतेत. कसं करते ते सांग. चढते का उतरते? तुटते का लांबते?"

मग मी ऐकू लागले. वर आभाळात एका जागी थरथरत गाणारा तो चंडोल. गवतात शिरून एकच अक्षर घोकणारा वटवट्या. मी आवाजाचं वर्णन करायची, काकू डोळे बारीक करून ऐकायच्या आणि नाव सांगायच्या. बरोबर वर्णन केलं की म्हणायच्या, "पास."

थंडीत आम्ही पवनारला धाम नदीवर जायचो. पाण्यावर धुकं असायचं आणि खडकांवर शेपटी हलवत धोबी पक्षी फिरायचे. थर्मासमधला कोरा चहा घोट घोट पुरवायचा. बोटं इतकी गारठायची की दुर्बीण धरवत नसे. काकू तासन् तास काही बोलायच्या नाहीत. आष्टीच्या आमच्या घरात इतका वेळ गप्प बसलं तर आई कपाळाला हात लावून ताप बघते. इथे गप्प बसूनही कोणीतरी सोबत आहे असं वाटायचं, आणि ते मला नवीन होतं.

फाल्गुनात पळस पेटायचा. चैत्रात सकाळी आठलाच ऊन पाठीवर चढायचं, मग मोहाच्या सावलीत बसून तांबट पक्ष्याचं टुकटुक मोजायचं. आणि मृगाच्या सुमारास नवरंग. हा पक्षी पाहुणा. पावसाळ्याच्या तोंडावर दुरून येतो, झुडपांत राहतो आणि सकाळ-संध्याकाळ दोन सुरांची शीळ घालतो. गावाबाहेर एक नाला आहे, दोन्ही बाजूंना करवंदाची जाळी. तिथे तो दरवर्षी यायचा. पहिल्या वर्षी ती शीळ मीच आधी ऐकली. मी सांगितलं तेव्हा काकूंनी माझा हात घट्ट धरला आणि बराच वेळ सोडला नाही. परत येताना त्यांनी चौकात जिलेबी घेतली.

त्याच दिवशी सेवाग्रामच्या रस्त्यावर एक ट्रक मागून हॉर्न वाजवत राहिला. काकू रस्त्याच्या मधोमध. मी ओरडले, "काकू, बाजूला घ्या." त्यांनी घेतली, पण ट्रक अंगावरून गेल्यासारखा गेल्यावर. ड्रायव्हर शिव्या देत होता. काकू म्हणाल्या, "वाजवून राह्यला तं वाजवू दे. रस्ता का त्याच्या बापाचा हाय?" मी हसले. इतकी मी आंधळी होते.

दुसऱ्या वर्षी मला मैत्रिणी मिळाल्या. प्रॅक्टिकलच्या बॅचमध्ये चौघी जमलो. रविवारी कोणाच्या तरी घरी जेवण, सिनेमा, नुसत्याच गप्पा. शनिवारी जागरण झालं की रविवारी पहाटे दार वाजायचं आणि मी अंथरुणात डोळे मिटून पडून राहायची. काकू एकदाच वाजवायच्या. मग अंगणातून बूट ओढत जाण्याचा आवाज, स्कूटीची किक. हे झोपेचं सोंग त्यांच्या लक्षात आलं नसेल असं मला वाटत नाही. पुढे पुढे त्यांनी दार वाजवणं बंद केलं. मला सुटल्यासारखं झालं, हे लिहायला आज लाज वाटते.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात कॉम्प्युटरच्या कोर्ससाठी मी वर्ध्यातच राहिले होते. मैत्रिणी आपापल्या गावी गेलेल्या. जूनमध्ये एका सकाळी मी नळावर पाणी भरत असताना काकू नाल्यावरून परत आल्या. बुटांना चिखल. पायरीवर बसून त्यांनी नाड्या सोडल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "यंदा नवरंग आला नाई."

"येईल काकू. उशीर झाला असेल."

"तीन दिवस जाऊन राह्यली. सारं गपगार हाय. चंडोल नाई, तांबट नाई. काऊन रुसले समजत नाई."

तांबट नाही, हे मला खटकलं. तो तर समोरच्या पिंपळावर आत्ताही टुकटुकत होता. बादली भरून वाहू लागली तरी मी तशीच उभी होते.

दुसऱ्या दिवशी त्या उठायच्या आत मी माझी सायकल काढून नाल्यावर गेले. अर्धा तासही बसावं लागलं नाही. डाव्या जाळीतून शीळ आली, लगेच पलीकडून दुसरी. एक नाही, दोन नवरंग होते. पूर्ण नाला त्यांनी भरून टाकला होता. मी तिथे एकटी बसून ऐकत होते आणि मागची दोन वर्षं एकेक करून उलगडत होती. उचलला न जाणारा फोन. हॉर्न देणारा ट्रक. "तुले येते का, ते पाहून राह्यली." काकूंनी माझी परीक्षा कधी घेतलीच नव्हती. त्यांना ऐकू येत नव्हतं, म्हणून त्या मला विचारत होत्या.

सायकल हातात धरून मी पायी परत आले. वाटेत ठरवलं होतं की काही सांगायचं नाही. आला नाही तर नाही. पण काकू अंगणात उभ्या होत्या आणि माझ्या चपलांकडे पाहत होत्या. त्यांच्या बुटांना लागला होता तोच चिखल माझ्या चपलांना होता.

"नाल्यावर गेलती?"

मी मान हलवली.

"आला हाय?"

खोटं बोलावं असं वाटलं, जमलं नाही. मी जवळ जाऊन मोठ्याने म्हटलं, "दोन आहेत काकू."

त्या पायरीवर बसल्या. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. "मी त्याच जागी बसली होती," एवढंच म्हणाल्या. मग विचारलं, "तुले कधी समजलं?"

"आज."

"मले दोन वर्षांपासून मालूम हाय. आधी बारीक आवाज गेले. मंग एकेक."

"मग मला का नाही सांगितलं?"

"सांगतलं असतं तं तू आली असती. पन कीव करून आली असती." त्या ओठांत हसल्या. "तशी तं तू आलीच नाई म्हना."

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "जाऊ दे. चहा मांड."

मी त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासलं, कानाचं मशीन दिलं. काकूंनी ते आठवडाभर लावलं. त्यात पंख्याचा, भांड्यांचा, स्वतःच्या ड्रेसच्या सळसळीचा आवाज यायचा. पाखरू त्या गोंधळात कुठेच नव्हतं. "एक्स्चेंजमधी लाइन खराब असली म्हंजे अस्संच वाजे," असं म्हणून त्यांनी ते डबीत ठेवून दिलं.

पुढच्या रविवारी मी त्यांचं दार वाजवलं. मग लक्षात आलं की त्यांना ऐकू येणार नाही, आणि मी खिडकीतून हात हलवला. त्या बूट घालून तयारच बसल्या होत्या. मी बोलावेन म्हणून, की रोजच्यासारख्या, ते मी विचारलं नाही. त्या दिवसापासून स्कूटी मी चालवू लागले.

नाल्यावर आम्ही जाळीसमोर बसलो. मी त्यांचं मनगट हातात घेतलं. नवरंगाने शीळ घातली की मी दोनदा बोट टेकवायची, एक हलकं, एक जरा दाबून. काकूंनी डोळे मिटले. पाच-सहा वेळा झाल्यावर त्यांनी स्वतःच ती शीळ घातली. अगदी हुबेहूब होती, फक्त आपला आवाज किती मोठा आहे याचा त्यांना अंदाज नव्हता. नाला एकदम शांत झाला. माझं तोंड बघून त्यांना कळलं. "उडाला का?" त्यांनी विचारलं आणि आम्ही दोघी तोंडावर हात धरून हसत सुटलो.

मग पलीकडून उत्तर आलं. मी त्यांच्या मनगटावर दोनदा बोट टेकवलं. काकूंनी डोळे उघडले नाहीत, पण त्यांचं हसणं थांबलं.

तिसरं वर्ष आम्ही असं काढलं. टेकडी, नदी, पळस, मोह. मैत्रिणी चिडवायच्या, "आजीसोबत डेटिंग." मी एकही रविवार चुकवला नाही. पण ते वर्षही संपलंच. डिग्री झाली, पुण्यात एका लॅबमध्ये नोकरी लागली. निघताना काकू बसस्टँडवर आल्या होत्या. शेवटी म्हणाल्या, "पोचली म्हंजे फोन नको करजो. चिठ्ठी लिहिजो." मी दोन लिहिल्या. पुढे राहून गेलं.

काकूंना एकटं ठेवणं बरं नाही म्हणून भाचीने त्यांना नागपूरला नेलं. वर्ध्याचं घर भाड्याने दिलं. मागच्या जानेवारीत त्या गेल्या. मला आठ दिवसांनी कळलं.

त्याआधीच्या दिवाळीत मी त्यांना भेटले होते. चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट, काचेची सरकती खिडकी, बाहेर समोरच्या इमारतीची भिंत. काकू बारीक झाल्या होत्या. आता त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. माझा चेहरा दोन्ही हातांत धरून त्यांनी तो नीट पाहून घेतला. मग उशाशी ठेवलेली छोटी वही आणि पेन माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "तिकडं जाते का कुठं बाहेर? सकाळी?"

पुण्यात येऊन मला दीड वर्ष झालं होतं. मी खोली ते लॅब, लॅब ते खोली करत होते. रविवारी दहापर्यंत झोपायची, कपडे धुवायची, मोबाइल बघत संध्याकाळ करायची. गावाबाहेर एकदाही गेले नव्हते. माझ्यासोबत येणारं कोणी नव्हतं, आणि एकटीने जायचा धीर होत नव्हता.

मी वहीत लिहिलं, "दर रविवारी."

काकूंनी चष्मा लावला आणि ते दोन शब्द वाचले. पुन्हा वाचले. वहीतून ते पान हळूच फाडलं, घडी घातली आणि उशीखाली ठेवलं. "पास," त्या म्हणाल्या.