घरात बघणारी वाघीण

एव्हरशाईन सिटीतल्या श्रीरंग पाटणकरांना बिल्डिंगमध्ये कोणी ओळखत नव्हतं, आणि त्यात बिल्डिंगची काही चूक नव्हती. उभा जन्म विम्याच्या कचेरीत टेबलामागे गेलेला माणूस, ओळखायचं तरी कशावरून? निवृत्त झाल्यावर त्यांनी हातभर लेन्सचा कॅमेरा घेतला आणि दर उन्हाळ्यात चंद्रपूरकडच्या जंगलात जाऊ लागले. बहुतेक फोटो वाघ निघून गेल्यावरच्या गवताचे. "गवताचा माझा अभ्यास दांडगा आहे," असं ते स्वतःच सांगत.

यंदा मात्र वाघीण खरोखर मिळाली. पर्यटकांच्या फोटोंवरून वाघ मोजणाऱ्या एका संस्थेला त्यांनी तो फोटो पाठवला. दर वाघाचे पट्टे निराळे, ते जुळवून मोजणी होते. तिथल्या उन्नतीचा फोन आला, की हे पट्टे आमच्या एकाही वाघाशी जुळत नाहीत, बहुधा नवीच वाघीण आहे. झालं! श्रीरंगरावांनी लिफ्टमध्ये बातमी फोडली, सोसायटीने रविवारी सत्कार ठरवला. आजवर त्यांना 'पाटील' म्हणणारे सेक्रेटरी घरी येऊन चहा पिऊन गेले. श्रीरंगराव हरभऱ्याच्या झाडावर चढले ते चढलेच.

शनिवारी त्यांच्या पत्नी मनोरमाबाईंनी त्यांना खाली उतरवलं. भिंतीवर लावलेल्या वाघिणीच्या फोटोवरची धूळ पुसताना त्या सहज म्हणाल्या, "हिला फिरवून घेतलंत ते बरं झालं. नाहीतर दाराकडे तोंड करून बसली असती."

श्रीरंगराव ताडकन उठून फोटोपाशी गेले. चित्रातल्या जनावराने घरात बघावं, बाहेर नाही, असं बाईंचं वास्तुशास्त्र. म्हणून त्यांनी कॉम्प्युटरवर फोटो आरशातल्यासारखा उलटा केला होता, आणि संस्थेला तोच पाठवला होता. डावी कूस उजवी झालेली. पट्टे जुळतील कशाला, कपाळ!

गप्प बसले असते तर कोणाला कळणार होतं? बॅनरवर आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं नाव झळकणार होतं, आणि ते त्यांना फार हवं होतं. पण जंगलात नसलेली वाघीण मोजणीत ठेवायची? छे. त्यांनी मूळ फोटो पाठवला आणि उन्नतीला फोन करून वास्तुशास्त्रासकट सगळा गाढवपणा सांगितला. ती हसली नाही.

संध्याकाळी तिचाच फोन आला. "काका, ही जुनीच वाघीण आहे. पण दोन वर्षं कोणालाच दिसली नव्हती. आम्ही ती गेली असं धरलं होतं."

श्रीरंगरावांनी सेक्रेटरींना कळवलं, की नवा वाघ वगैरे काही नाही. मग सत्कार कसला करायचा, असं सेक्रेटरी म्हणाले. करूच नका, असं सांगून त्यांनी फोन ठेवला आणि रडू लागले. मनोरमाबाई घाबरून धावत आल्या.

"अगं, आहे ती," ते म्हणाले. "जिवंत आहे."