बत्तीस मोजेपर्यंत

नाचाच्या क्लासात आल्या आल्या मॅडम गाणं बंद करायला लावायच्या. इथे आखातात, अल खौदच्या त्यांच्या हॉलमध्ये दर शुक्रवारी स्पीकर जोडून गाणी लावायची हेच माझं काम, आणि बाईंना गाणंच नको. "गाणं म्हणजे भिंत नव्हे, सारखं टेकायला," म्हणायच्या. मुलं आधी नुसत्या श्वासावर हलायची, गाणं मागून यायचं. तेही कधी भलतंच, नाच संथ नि गाणं धावतं. "दोघं शेजारी आहेत रे, नवरा-बायको नाहीत."

मी नववीतून शाळा सोडलेला, रत्नागिरीकडचा इलेक्ट्रिशियन. व्हिसा कंपनीचा, शुक्रवारचं हे काम चोरून, बहिणीच्या नर्सिंगच्या फीसाठी. अर्बाबला, म्हणजे मालकाला, कळलं तर खलास, पुढच्या विमानाने घरी. ही धाकधूक मॅडमना ठाऊक होती. हॉलचं दार त्या आतून लावून घ्यायच्या, आणि मुलांच्या आधी मला पोहे द्यायच्या.

इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत त्यांनी मुलांचा नाच बसवला. मध्येच गाणं थांबणार, बत्तीस मोजेपर्यंत मुलं तशीच नाचणार. "बत्तीसला लाव. आधी हात लावू नकोस," मला दहादा बजावलं होतं.

गाणं थांबलं. पायांचा आवाज तेवढा उरला. मागून कोणीतरी म्हणालं, "वायर निघाली वाटतं!" लोक हसले. पुढची छोटी मुलगी कावरीबावरी झाली. आमच्या गावच्या जाखडीत ढोलकीवाला मरेल, पण नाचणाऱ्याला उघडा पाडणार नाही. मी अकरापर्यंत आलो होतो. हात गेलाच.

गाणं अचानक आलं तशा दोन मुली एकमेकींवर आदळल्या. छोटीचा ओठ फुटला. मंडळाचे सेक्रेटरी तरातरा माझ्याकडे आले. "कोण हा? कुठल्या कंपनीचा?"

"त्याला काय विचारता? खूण मीच केली," मॅडम म्हणाल्या. "माझंच मोजणं चुकलं."

मी खाली वाकून वायर गुंडाळायला लागलो.

आईबापांनी एकेक मूल काढून घेतलं. "स्वतःलाच ताल नाही, त्या काय शिकवणार," हे मी तिकडे लांब वादी अदाईच्या दुकानातसुद्धा ऐकलं. दिवाळीच्या आत क्लास बंद पडला, मॅडम पुण्याला निघाल्या. त्यांचे पंखे उतरवताना मी म्हणालो, "मॅडम, खरं काय ते सांगून टाकतो."

"आणि बहिणीचं नर्सिंग कोण पुरं करणार? मोठा आलायस खरं बोलणारा. तो स्क्रू धर नीट."

बहीण नर्स झाली. मी अजून त्याच व्हिसावर आहे. गणपतीत मंडळाची वायरिंग हौसेने करतो. परवा सेक्रेटरी म्हणाले, "त्या बाई आठवतात का रे? ताल नसलेल्या?"

मी हो म्हणालो.