भडकमावशीचा जोगवा

भडकमावशीला हसताना आमच्या गावात कुणी पाहिलं नव्हतं. ती येडाई देवीची आराधीण; दारोदार जोगवा मागायची, देवी तिच्या अंगात यायची. गळ्यात कवड्यांची माळ, कपाळभर मळवट, हातात देवीची परडी आणि तोंडानं सदा कुणाला तरी झापणं. दारात येऊन ‘आई राजा उदो उदो’ म्हणायची, तेही भांडायला आल्यासारखं. मुलांनो, तुम्ही फोनवर विचारता, आजी, तू एवढी का चिडतेस? उत्तर या बाईपाशी आहे.

मी लग्न होऊन आले ती इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली. अंगात येण्यावर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. मावशीनं ते पहिल्याच मंगळवारी ओळखलं. जोगव्याचं पीठ मी लांबूनच तिच्या परडीत टाकलं, तर सासूबाईंना म्हणाली, “सुनंला सांगा, मी चावत न्हाई.”

कमी वाढलं तरी ती भांडायची, जास्त वाढलं तरी भांडायची. “भीक हाय का ही? आईचा वाटा हाय. मापात घाल.”

बहात्तरच्या दुष्काळात विहिरी आटल्या. देवळाजवळच्या देवीच्या बारवेला, त्या पायऱ्यांच्या विहिरीला, तेवढं पाणी राहिलं आणि सगळं गाव त्यावर जगू लागलं. तुमच्या आजोबांचे थोरले भाऊ, दादासाहेब, साखर कारखान्याचे चेअरमन होते. बारवेलगत त्यांचा ऊस वाळत होता. त्यांनी बारवेवर इंजिन बसवलं. बायका रिकाम्या घागरी घेऊन उभ्या आणि पाणी पाटानं उसात! गाव कुरकुरू लागलं, तेव्हा त्यांनी मावशीकडे हिरवं लुगडं पाठवलं. निरोप असा, की अंगात आल्यावर ‘उसाला पाणी मीच दिलं’ असं देवीनं म्हणावं.

मावशीनं ते लुगडं आमच्या अंगणात आणून दादासाहेबांच्या पायाशी फेकलं. “काहून रे दादा, आईच्या तोंडात तुझी जीभ घालतो का?”

“मावशी, कारखाना सगळ्यांचा आहे. सहकार आहे.”

“मग पाज की गावाला तुझा ऊस!”

पुढच्या मंगळवारी सासूबाई सुपात पीठ घेऊन दारात उभ्या होत्या. मावशी आली, थांबली आणि तिनं परडीवर पदर ओढला. “ह्या घरचं आईला चालत न्हाई.”

त्या दिवसांत तिच्या परडीत मूठभर पीठ पडणंही मुश्किल होतं. तरी ती आमचं भरलेलं सूप सोडून गेली. जोगवा नाकारला म्हणजे देवीनं घर टाकलं. सासूबाई उंबऱ्यातच बसल्या. आयुष्यात कधी मुलासमोर आवाज न चढवलेली ती बाई म्हणाली, “इंजिन निघाल्याबिगर मी घास घेणार न्हाई.” दिवस मावळायच्या आत इंजिन बैलगाडीत चढलं. बायका बारवेत उतरल्या.

पाऊसकाळ बरा झाला आणि दादासाहेब देवस्थानाचे अध्यक्ष झाले. पहिलाच ठराव: आराधिणींनी देवळात बसू नये, गावात जोगवा मागू नये, ही अंधश्रद्धा आहे. माझ्या पुस्तकांतले शब्द त्यांनी सूड घ्यायला वापरले! मी जेवताना सगळ्यांदेखत तसं म्हटलं. तुमच्या आजोबांनी कालवण मागितलं.

मावशी नेकनूरला बहिणीकडे निघाली. स्टँडवर मी विचारलं, “मावशी, खरंच देवी येते का हो अंगात?”

“ते मला बी कळत न्हाई, बाई. राग येतो. त्यो खरा असतो.”

कंडक्टर म्हणाला, परडी टपावर टाका. “तुझ्या आईला बसीव टपावर!” म्हणत ती परडी मांडीवर घेऊन बसली. एसटी वळेपर्यंत तिचा आवाज येत होता. परत ती आलीच नाही, तिकडेच वारली.

देवळाच्या पहिल्या पायरीवर आज दादासाहेबांचं नाव कोरलेलं आहे. मी अजून दर्शनाला जाते. चप्पल बरोबर त्या नावावर काढते.