कुशाबाईचे दोन घोट

पणदऱ्याच्या शिवारात ठिबकची नळी कुठं गळायला लागली, की हाक पडायची ती दत्तोबाला. उसाच्या सरीत गुडघे टेकून गडी क्षणभर थांबायचा आणि म्हणायचा, "हितं फुटलीय." तितंच फुटलेली असायची. जाताजाता मालकाला चार शब्द सुनवायचा ते वेगळंच, "अहो, पाणी म्हंजे दूध हाय. थेंब वाया घालवू नका." लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

कारण संक्रांतीपासून त्याच्याच घरचा संडास गळत होता.

गळती तशी चिल्लर. कमोडच्या मागं टाकीचा पाईप मिळतो, तिथला रबर गेलेला. दत्तोबानं सायकलच्या ट्यूबची पट्टी ओढून बांधली. रानात हा उपाय महिनोन्महिने टिकतो, घरात आठ दिवसांत ढिला पडला. फरशी सदा ओली. बायको संजीवनी म्हणाली, "बारामतीहून प्लंबर तरी बोलवा." झालं! गड्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मी असताना माझ्या घरात दुसऱ्यानं पाना फिरवायचा? लोकं तोंडात शेण घालतील. रविवारी करतो." असे किती रविवार गेले, देव जाणे. दुसऱ्याच्या रानात जायला मात्र भारी हुरूप.

तो कमोड त्यानंच हौसेनं आईसाठी बसवला होता. कुशाबाईची ऐंशी उलटलेली, गुडघे वाकत नव्हते. त्या दिवशी म्हातारीनं लेकाच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली होती. माणूस वाईट नव्हता हो. तेच तर वाईट वाटतं.

शिमग्याच्या सुमारास कुशाबाई चहा अर्धा ठेवायला लागली. "आये, मुंग्या पडल्या का काय चहात?" दत्तोबा चेष्टा करायचा. "पोट भरलं रं," म्हातारी म्हणायची. उशाचा तांब्या सकाळी भरलेलाच असायचा. वय झालं, असं दोघा नवराबायकोनं धरून घेतलं.

वैशाखातल्या एका दुपारी म्हातारी ओट्यावर बसल्या जागी कलंडली. बारामतीच्या दवाखान्यात सलाईन लागलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजी पाणी किती पितात?"

"आमच्यात पाण्याला काय तोटा?" दत्तोबा म्हणाला. "दारात पाट हाय."

बाईंनी मग म्हातारीलाच विचारलं. कुशाबाईनं आधी लेकाकडं बघितलं.

"प्यालं की जावं लागतंय, बाई. तितं पाय सरकतोय. एकदा पडले, दाराला धरून उठले. म्हटलं, नगं प्यायलाच."

"आन मला सांगितलं का न्हाईस?" दत्तोबा ओरडलाच.

"तू रविवारी करणार हुतास की, दत्तू. सारखं काय टोचायचं?"

तिनं चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. संध्याकाळी दत्तोबा घरी आला आणि चप्पल न काढता संडासात शिरला. जुना रबर काढला, नवा बसवला, पाना आवळला, फरशी घासून कोरडी केली. वीस मिनिटं लागली. अवघी वीस मिनिटं! तिथंच भिंतीला टेकून तो लहान पोरासारखा रडला. ठिबकची कामं करणाऱ्या माणसानं भर उन्हाळ्यात स्वतःची आई दोन महिने तहानलेली ठेवली होती, तीही एवढ्याशा कामापायी.

कुशाबाई घरी आली. आता फरशी खडखडीत असते, भिंतीला धरायला दांडी आहे. दत्तोबा रोज सकाळी आधी फरशीवर तळहात फिरवून येतो आणि मग पाण्याचा पेला आईच्या हातात देतो.

"कोरडं हाय का रं?" ती विचारते.

"हाय, आये. हात लावून आलोय."

ती दोन घोट घेते आणि पेला खाली ठेवते.

"आजून एक घोट घे की."

"राहू दे," कुशाबाई म्हणते. "घेते मागनं."