सेक्शनबाईंचा पेला

फेब्रुवारीतला शेवटचा रविवार. ठिकाण तुघलकाबादचा किल्ला. रक्कम पाऊण लिटर पाणी. डॉक्टरांनी सेक्शनबाईंना चोवीस तासांत तेवढंच मंजूर केलं होतं. हजर चौघं: बाई, त्यांचा मुलगा अमोल, माझी पत्नी सुनीता आणि मी. पाण्याचा हिशेब माझ्याकडे होता. बाईंनीच मला सांगितलेलं ते काम.

बाई एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होत्या, म्हणून आम्हा मराठी मंडळींत त्यांचं हे नाव पडलं. यमुनेपलीकडे, गाझियाबादच्या हद्दीत, शेतं मोडून चार-चार मजली सोसायट्या उभ्या राहत होत्या. त्यातल्या एकीत आम्ही एकाच वर्षी राहायला गेलो. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, बाई चौथ्या. बाईंचे यजमान आधीच गेलेले, अमोल तेव्हा कॉलेजात. आसपास दहा-बारा मराठी घरं होती. काही लष्करातली, काही आमच्यासारखी सरकारी नोकरीतली; मी ऑडिट खात्यात होतो. दर हिवाळ्यात सगळ्यांची सहल निघे. पहिल्या वर्षी मुलांनी नव्याने उघडलेल्या वॉटर पार्कचं नाव काढलं. बाई म्हणाल्या, "किल्ला." फायलींवर शेरे मारून मारून त्यांचं बोलणंही शेऱ्याएवढंच झालं होतं, आणि शेऱ्यावर अपील नसे.

किल्ल्यावर त्यांचा एक प्रश्न ठरलेला असायचा. पाटी वाचून व्हायची, सुलतानाचं नाव आणि भिंतींची जाडी मुलांना सांगून व्हायची, आमच्यातले एक निवृत्त सुभेदार तोफा कुठे असतील ते हात करून दाखवायचे. मग बाई विचारायच्या, "पाणी कुणी भरलं?" एवढ्या कोरड्या खडकावर एवढं बांधकाम झालं, चुना भिजवायला पाणी लागलं, माणसांना आणि जनावरांना लागलं, ते कुणाच्या डोक्यावरून वर आलं? पाटीवर तसं काही नसायचं. "मग पाटी अर्धी आहे," बाई म्हणायच्या आणि पुढे चालू लागायच्या. पहिल्या वर्षी लोक हसले. दुसऱ्या वर्षी मुलं त्यांच्याआधी तो प्रश्न विचारू लागली, चिडवण्यासाठी. बाईंना ते चाललं. त्या म्हणाल्या, चिडवायला का होईना, विचारला तर.

तिथे एक म्हातारा गाइड होता. तो प्रत्येक टोळक्याला किल्ल्याची दंतकथा ऐकवायचा. सुलतान किल्ला बांधत होता तेव्हा एक अवलिया आपल्या वस्तीत बावडी, म्हणजे पायऱ्यांची विहीर, खणवत होता. सुलतानाने हुकूम काढला की सगळ्या मजुरांनी किल्ल्यावरच काम करायचं. मजूर दिवसा किल्ल्यावर राबले आणि रात्री बावडी खणू लागले. सुलतानाने दिव्यांचं तेल बंद केलं, तेव्हा अवलियाने पाण्यावर दिवे पेटवले आणि शाप दिला की ही जागा उजाड राहील. गाइड इथे थांबून सगळ्यांच्या तोंडाकडे बघायचा. बाईंनी त्याला शांतपणे विचारलं, "अच्छा, दिन में दीवार और रात को बावड़ी. तो मज़दूर सोते कब थे?" गाइड म्हणाला, "मैडम, ये तो किसी ने पूछा नहीं." त्यानंतर आम्ही दिसलो की तो दुसऱ्या दरवाजाकडे वळायचा.

हा प्रश्न त्यांनी पुस्तकातून आणलेला नव्हता. त्यांचं मूळ गाव अकोल्याकडच्या एका डोंगरी किल्ल्याच्या पायथ्याशी. त्यांचे खापरपणजोबा त्या गडाच्या खालच्या दरवाजावर राखणीला. शत्रू आला तर पहिला वार यांनी घ्यायचा, पण वरच्या टाक्यातल्या पाण्याला हात लावायचा नाही. कुणीतरी उंचावरून धार धरायची, यांनी खाली ओंजळ करायची. गड ओस पडला, राजे गेले, इंग्रज आले, तरी बाईंच्या वडिलांच्या लहानपणापर्यंत जत्रेत हीच रीत. वडील शिकले, तारखात्यात लागले. पहिल्या पगारातून त्यांनी पितळेचा एक पेला घेतला, त्यावर स्वतःचं नाव कोरून घेतलं, गड चढून गेले, तो पेला आपल्या हाताने टाक्यात बुडवला आणि काठावर बसून पाणी प्याले. तेव्हापासून त्यांच्या घरात वहिवाट पडली: कुठलाही गड असो, आधी पाण्याशी जायचं आणि त्या पेल्याने पाणी प्यायचं. "बसून प्यायचं. घाई करायची नाही," असं वडील सांगत, असं बाई सांगत.

तुघलकाबादला ही वहिवाट अडचणीची होती, कारण तिथलं प्रचंड टाकं कोरडं ठणठणीत. खडक कापून केलेला तो खोल चौकोन, तळाशी विलायती बाभूळ आणि गुटख्याच्या पुड्या. बाई पाणी घरून न्यायच्या, पण प्यायच्या त्या टाक्याच्या काठावर बसूनच. पदर सारखा करून, पेला दोन्ही हातांत धरून. तेवढा वेळ त्या कुणाशी बोलत नसत.

सोसायटीत तर पाण्याचीच ओढ. नळ कोरडे, बोअरवेल खारी, रोज टँकर यायचा. वीज गेली की गेटवरचा गार्ड आणि घरकामाच्या बाया बादल्या चौथ्या मजल्यापर्यंत चढवायच्या. अशात सोसायटीने गेटपाशी एक वॉटरकूलर बसवला, आणि महिन्याभरात सेक्रेटरींनी सभेत सूचना मांडली की गार्ड आणि कामवाल्यांसाठी वेगळा ग्लास ठेवावा, बुडाला लाल रंग लावून, हायजीनसाठी. मी कोषाध्यक्ष म्हणून टेबलापाशी बसलो होतो. बाई उठल्या. त्यांनी विचारलं, बिजली गेल्यावर तुमच्या घरी पाणी कोण चढवतं? सेक्रेटरी म्हणाले, तो वेगळा विषय आहे. सूचना बहुमताने मंजूर झाली. दुसऱ्या दिवसापासून बाई ऑफिसातून आल्या की बसच्या धुळीने माखलेल्या तशाच गेटपाशी थांबायच्या, लाल बुडाचा ग्लास भरून घ्यायच्या आणि सगळ्यांच्या देखत उभ्या उभ्या रिकामा करायच्या. "गडावर बसून प्यायचं. हा काही गड नाही," त्या मला म्हणाल्या. असं कित्येक महिने चाललं. पुढे तो ग्लास कुणीतरी नाहीसा केला. त्याच सुमाराला काही घरांनी त्या कूलरचं पाणीच सोडलं आणि विकतच्या बाटल्या सुरू केल्या. बाईंना ते ठाऊक होतं.

मग त्यांच्या पायांवर सूज दिसू लागली. दोन्ही मूत्रपिंडं गेली होती. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, आणि पाण्यावर बंधन: चोवीस तासांत पाऊण लिटर, त्यात चहा, आमटी, गोळ्यांबरोबरचे घोट, सगळं आलं. दिल्लीचा उन्हाळा ज्यांनी काढला आहे त्यांना पाऊण लिटर म्हणजे काय ते सांगायला नको. बाईंची जीभ टाळ्याला चिकटायची, बोलताना टक् असा आवाज यायचा. त्या दाढेखाली वेलदोडा धरून ठेवायच्या.

एकदा त्यांनी मला वर बोलावलं आणि विकतच्या पाण्याची एक रिकामी बाटली पुढे केली. "ऑडिटसाहेब, हिच्यावर खुणा करून द्या. आणि रोज संध्याकाळी येऊन बघत जा." अमोल आहे की घरात, मी म्हणालो. तो नुकताच गुडगावच्या एका कंपनीत लागला होता. बाई म्हणाल्या, "तो माया करतो. एखाद दिवशी घोटभर जास्त देतो, दुसऱ्या दिवशी घाबरून कमी देतो. तुम्ही नुसतं मोजा." मी पन्नास-पन्नास मिलीच्या खुणा केल्या. पेला मापून बघितला, काठोकाठ दोनशे भरला.

दुसरा हिवाळा संपत आला तेव्हा त्यांनी पुन्हा किल्ल्याचं काढलं. सहल त्या वर्षी निघालीच नव्हती. बाई नसताना कुणी विषय काढला नाही. डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी त्यांना जरा बरं वाटे, म्हणून त्यांनी रविवार धरला. अमोल भडकला. धड जिना उतरवत नाही आणि गड कसला चढतेस, म्हणाला. "आई यार, पाणीच प्यायचंय ना? घर में पी ले. काय फरक पडतो?"

"घरात तहान भागते रे," बाई म्हणाल्या. "त्यासाठी नाही जायचं."

रविवारी तो गाडी घेऊन खाली उभा राहिला.

त्या दिवशी सकाळचा चहा आणि गोळ्या धरून दीडशे मिली झाले होते. निघण्याआधी आमटी-भात, त्याचे मी दोनशे धरले. उरले चारशे, म्हणजे बरोबर दोन पेले: एक गडावर, एक रात्रीच्या गोळ्यांना. ती बाटली माझ्या पिशवीत होती. दरवाजापर्यंतचा चढ काही मोठा नाही, पण बाई चार वेळा बसल्या. अमोलने एकदा उचलून नेतो म्हटलं. बाई उठून चालू लागल्या.

वर डागडुजी चालू होती. खाली रस्त्यावर टँकर लावलेला, आणि बाया डोक्यावर पत्र्याचे डबे घेऊन पाणी वर आणत होत्या. ज्या वाटेने आम्ही बसत बसत आलो त्याच वाटेने त्या आम्हाला ओलांडून दोनदा गेल्या. टाक्याच्या काठावर बाई टेकल्या तेव्हा त्यातली एक तिथेच डबा उतरवून दम खात होती. बाईंनी तिला बसायला सांगितलं. ती लांब बसली. मध्य प्रदेशातल्या छतरपूरकडची होती, ठेकेदाराबरोबर आलेली. बाईंनी विचारलं, प्यायचं पाणी कुठे? ती म्हणाली, हे चुन्याचं आहे, प्यायचं खाली. उतरलं की पिऊन घेतो.

बाईंनी पिशवीतून पेला काढला आणि मला भरायला सांगितलं. मी भरला. त्यांनी तो ओठांना लावला नाही, त्या बाईपुढे धरला. सुनीता लगेच म्हणाली, "अहो ताई, थांबा, आमच्या थर्मासमधलं देते ना तिला."

"तुमचं तुम्ही द्या, वहिनी. मी माझं देते."

ती बाई पुढे सरकली. पेल्याला तिने हात लावला नाही. मान खाली घालून तिने दोन्ही हात जोडले आणि हनुवटीखाली ओंजळ धरली.

मी बाईंचा चेहरा बघितला आणि नजर काढून घेतली. त्यांनी पेला तिच्या ओंजळीच्याही खाली आणला. त्या म्हणाल्या, "हाथ नीचे कर, बहन. गिलास पकड़."

"जूठा हो जाएगा, मैडम जी."

"होने दे. बैठकर पी. जल्दी नहीं है."

तिने पेला घेतला. आधी एक घोट घेतला, मग सगळा प्याली, आणि पदराने पुसू लागली. बाईंनी पुसू दिला नाही. तसाच माझ्यापुढे धरला. मी उरलेलं पाणी ओतलं. बाटली रिकामी झाली. बाई त्या बाईच्या शेजारी बसून, दोन्ही हातांत पेला धरून, नेहमीइतका वेळ घेऊन प्याल्या. अमोल तोपर्यंत टाक्याच्या पलीकडे तोंड करून उभा होता.

निघताना बाई मला म्हणाल्या, "नाव विचारून घ्या, ऑडिटसाहेब. काहून म्हणाल तर पाटीवर येत नाही ते." मी विचारलं.

परतीच्या वाटेवर ऊन चढलं होतं. अमोलने गाडी थांबवून पाण्याची बाटली विकत घेतली आणि मागे केली. बाईंनी ती परत केली. "आजचं झालं," म्हणाल्या. रात्रीच्या गोळ्या त्यांनी कोरड्याच गिळल्या. दोनदा घशात अडकल्या, असं अमोलने नंतर सांगितलं.

एप्रिलमध्ये बाई गेल्या. पांढऱ्या कपड्यांतली माणसं, बुद्धवंदना, मंत्रालयातले सहकारी. सोसायटीतली मोजकीच घरं. गेटवरचा गार्ड शेवटपर्यंत थांबला. सगळे पांगल्यावर अमोल माझ्यापाशी येऊन बसला. हातात तो पेला होता. कितीतरी दिवस मनात धरून ठेवलेलं त्याने विचारलं, "काका, सच बताना. त्या दिवशी किल्ल्यावर आई जास्त पाणी तर नाही ना प्यायली? मी बघितलंच नाही. मेरी पीठ थी."

मी त्याला सगळा हिशेब सांगितला. मंजूर पाऊण लिटर. पैकी चहा आणि गोळ्या दीडशे, आमटी-भात दोनशे, एक पेला तुझ्या आईने. आणि एक पेला, रात्रीचा, रामकलीला.